आधी पाय, मग चाक

पठाणपुरा दरवाजा, चंद्रपूर
२२ एप्रिल २०२५

पोरी सोमारी,

खैरुनबाईची दुआ. तुझी जीप माझ्या गॅरेजात येऊन उभी आहे आणि तिच्या जागी तुला नवी गाडी मिळाली आहे, ही बातमी मला तुमच्या आरोग्य संस्थेच्या सुनिलकडून कळावी? माझ्या घरी राहून, माझ्या हातचं खाऊन गाडी शिकलीस, आणि आता एक ओळ लिहायला तुला सवड नाही. फोनचं कारण सांगू नकोस. तुझ्या मरकावाड्याला टॉवर नाही आणि माझे कान इंजिनांनी खाल्ले, हे दोघींनाही ठाऊक आहे. म्हणून तर पत्रूभाऊंची भामरागडची एसटी आहे. त्यांच्या हातून आजवर एकही पत्र हरवलेलं नाही.

सुनिल म्हणाला, “बाई, आरोग्याच्या फिरतीसाठी एका दात्यानं नवीकोरी फोर-व्हील गाडी देली. सोमारी दोन महिने चालवून पाह्यते. मंग तुमी तज्ज्ञ म्हणून सांगा, दुर्गम भागात हे गाडी भरवशाची आहे का नाई.” तज्ज्ञ! इतकी वर्षं मी पाने-पक्कड चालवते, पण हा शब्द मला कोणी लावला नव्हता. तुझे नूरुद्दीनचाचा हसून खुर्चीवरून पडायचे बाकी होते.

गाडी तुझ्याकडे जायच्या आधी मी तिचं बॉनेट उघडून पाहिलं. इंजिन दिसेचना. वर काळं प्लास्टिकचं झाकण, बाजूला वायरींचा गुंता. किल्लीला दात नाहीत, नुसतं बटण. अशी गाडी अडली की लॅपटॉपवाला लागतो. भामरागडच्या पुढे लॅपटॉपवाला कुठून आणशील, मोहाच्या झाडाला लागतो का? तुझ्या जीपला काय लागतं? दहा-बाराचा पाना, हातभर तार, आणि चार माणसं धक्का मारायला. संपला विषय.

पण चालवून पाहा. गुण लिहू नकोस, गुण कंपनीवाले छापतातच. मला खोड्या लिही. आणि नाल्याचा कायदा विसरली नसशील. आधी पाय, मग चाक. आधी तू पाण्यात, मग गाडी.

तुझी
खैरुनबाई

&nbsp;

मरकावाडा
३ मे २०२५

खैरुनबाईंना आणि चाचांना जोहार.

रागावू नका, तेंदूचा हंगाम सुरू आहे. सगळं गाव पहाटेपासून पानांमागे रानात असतं आणि उन्हाने कोणी ना कोणी आडवं होतं. त्यांना उचलून दवाखान्यात नेण्यात माझा आणि नर्स प्रियाचा दिवस जातो. आता लिहिते आहे तीही गाडीतच बसून.

तुम्ही गुण लिहू नकोस म्हणालात. मी आधी गुणच लिहिणार. लो गिअर टाकला की ही गाडी डोंगराच्या चढणीला दगड धरून चढते, घसरत नाही. मागचं दार पूर्ण उघडतं आणि स्ट्रेचर सरळ आत जातो. जीपमध्ये तो तिरका ठेवावा लागायचा, आजाऱ्याचे पाय बाहेर, आणि प्रिया एका हाताने दार धरून बसायची. हिच्यात आतली हवा थंड होते. परवा म्हातारा बुधू पानं तोडता तोडता बेशुद्ध पडला. अर्ध्या वाटेत शुद्धीवर आला आणि आमच्या भाषेत पहिलं काय विचारलं असेल? “पाऊस आला का?”

आता खोड्या. पट्टा लावला नाही की ओरडते. किल्ली घेऊन खाली उतरलं की ओरडते. समोर शेळी आली की इतकी ओरडते की शेळीच थबकून तिच्याकडे बघत राहते. बस, एवढंच.

एक विचारते, वाईट वाटून घेऊ नका. जंगलात जुनी गाडीच बरी, असं तुम्ही नेहमी म्हणता. चंद्रपूरच्या साहेबांना कोणी कधी म्हणतं का, की शहरात जुनी गाडीच बरी?

तुमची
सोमारी

&nbsp;

चंद्रपूर
१४ मे २०२५

सोमारी,

शेळ्यांच्या गोष्टी सांगून मला गुंडाळतेस होय? काल सुनिल येऊन गेला. तुझ्या त्या लाडक्या गाडीत एक डबी बसवलेली आहे. गाडी कुठे चालली, वाटेत कुठे अडली, सगळं ती कळवते. टॉवर नसला तर पोटात ठेवते आणि भामरागडला पोचली की ओकते. सुनिलने मोबाईलवर नकाशा दाखवला. गोवर उठल्यासारखे लाल ठिपके, आणि ज्या ठिपक्यावर बोट ठेवावं तिथे तेच दोन शब्द: वाहन बंद. वाहन बंद. वाहन बंद.

“पाह्यलं का बाई,” सुनिल म्हणाला, “कुठी कुठी बंद पडून राह्यली ते. आन् आपली सोमारी एका शब्दानं बोलली नाई.”

मला खरंच फार राग आला, पोरी. गाडीचा नाही, तुझा. मी तुला खोड्या विचारल्या होत्या, आणि तू थंड हवेला भुललीस. उद्या भर बरसातीत बाळंतीण आत असताना ही गाडी अशी अडली, तर तुझी थंड हवा काय कामाची? सुनिलने मत लिहून आणलंच होतं: सदर वाहन दुर्गम भागासाठी भरवशाचं नाही. मी तिथल्या तिथे सही ठोकली.

चाचांनी आणि मी मिळून जीपचं इंजिन खाली उतरवलं आहे. पिस्टनच्या रिंगा नव्या टाकतो. पाऊस जोर धरायच्या आत तुझी जीप तुझ्या दारात असेल.

खैरुनबाई

&nbsp;

मरकावाडा
२७ मे २०२५

खैरुनबाईंना जोहार.

हो, एक गोष्ट मी लपवली. तुम्ही ती जीपच्या बाजूने वापराल म्हणून लपवली, आणि तुम्ही तसंच केलंत.

एप्रिलच्या शेवटी डोंगरावरून येताना पिवळा दिवा लागला आणि गाडीचा जोरच गेला. बैलगाडीच्या चालीने भामरागड गाठलं. तिथे प्रियाने गाडीसोबत आलेलं पुस्तक वाचलं. धुराच्या नळीत काजळी धरणारी एक जाळी असते. गाडी सारखी लो गिअरमध्ये हळू चालली की जाळी तुंबते. मग गाडी सरळ रस्त्यावर जोराने पळवायची, म्हणजे ती काजळी जाळून टाकते. आम्ही आलापल्लीच्या डांबरी रस्त्याला लागलो, दिवा विझला, जोर परत आला. तेवढं एकदाच झालं. सुनिल साहेबांच्या नकाशात इतके ठिपके कुठून आले ते त्यांनाच विचारा.

आता मी एक सांगते. गेल्या आषाढात पोचूची बायको दुर्गा अडली म्हणून तिला तुमच्या जीपमध्ये घेऊन निघालो. कोसानाल्याच्या काठावर जीप सुरू होईना. तुम्ही म्हणता ना, चार माणसं धक्का मारायला? तिथे चार माणसं नव्हती. स्टिअरिंगवर मी, मागे प्रिया आणि पोचू. दोघांना जीप हलेना. तेव्हा दुर्गा स्ट्रेचरवरून उठली, खाली उतरली, पदर खोचला आणि कळा देत देत तिने जीपला खांदा लावला. मी आरशात बघत होते. जीप सुरू झाली. दुर्गा वाचली, पोरगी वाचली, म्हणून ती गोष्ट तुमच्यापर्यंत आली नाही. तुमच्यापर्यंत एवढंच आलं, की जीपने याही वर्षी दगा दिला नाही.

तुमची जीप भरवशाची नाही, बाई. भरवशाचे आम्ही आहोत. धक्का आम्ही मारतो.

आणि सही करण्याआधी एक चौकशी करायची होती. नवी गाडी इथून गेली की जाणार कुठे? प्रिया बैठकीला चंद्रपूरला आली होती तेव्हा तिने ऐकलं. ती ऑफिसात राहणार, पाहुण्यांना फिरवायला.

सोमारी

&nbsp;

चंद्रपूर
४ जून २०२५

पोरी,

तुझं पत्र चाचांनी मोठ्याने वाचून दाखवलं. दुर्गापाशी आल्यावर त्यांनी कागद माझ्याकडे दिला. मग मीच पुढचं वाचलं. त्या दिवसापासून जीपच्या मागच्या पत्र्याकडे माझ्याने बघवत नाही. ज्या स्टार्टरने तुला दगा दिला तो मीच बसवला होता. जुना होता, पण चांगला होता, असं मला वाटलं होतं. तू मला त्याच आठवड्यात का नाही लिहिलंस? मी चिडले असते म्हणून? चिडले असते. पण नवा स्टार्टर पाठवला असता.

जाळीचं तुझं बरोबर आहे. असल्या गाडीची ही खोड मला ठाऊक नव्हती, मी कालच आणखी दोघांना विचारून खात्री केली. ही खोड काळजी घेतली तर आटोक्यात राहते.

नवी गाडी ऑफिसात राहणार हे मात्र मला पटत नाही. सुनिल सावली गावच्या साध्या घरातला पोरगा आहे. थोडा फुशारकीबाज आहे, पण असं करणार नाही.

आणि ठिपक्यांचं काय? एकदाच झालं म्हणतेस, पण मी नकाशा डोळ्यांनी पाहिला. सुनिलकडून जागा विचारून घेतल्या. एक ठिपका कोसानाल्यावर, एक त्याच्या पुढच्या नाल्यावर, एक तिसऱ्यावर. सगळे नाल्याच्या अगदी काठावर. इंजिनात पाणी ओढलं जातं का? तसं असेल तर ती गाडी जीवघेणी आहे, आणि मी माझा शब्द मागे घेणार नाही. खरं लिही.

खैरुनबाई

&nbsp;

मरकावाडा
११ जून २०२५

खैरुनबाई,

तुमचं पत्र वाचून मी आधी हसले आणि मग इतकी संतापले की प्रियाने पाणी आणून दिलं.

नाल्याच्या काठावर गाडी बंद पडली नाही. मी बंद केली.

कायदा कोणाचा? आधी पाय, मग चाक. कागदावर तुम्हाला एवढाच आठवतो. मला शिकवलात तेव्हा पूर्ण शिकवला होतात. वैनगंगेच्या काठाने मला घेऊन गेलात, जीप उभी केलीत आणि माझ्या हातावर चापटी मारलीत. “इंजिन बंद कर आधी! चालू इंजिनात तुले पानी काय आयकू येऊन राह्यलं? दगडं वाजून राह्यले का ते आयक. खाली दगड वाजला म्हंजे धार दगड लोटून राह्यली, उतराचं नाई, मंग मागं कोनी का मरून पडेना.” म्हणून मी उन्हाळा असो की पावसाळा, प्रत्येक नाल्यावर गाडी बंद करते, दगड ऐकते, किल्ली कमरेला खोचते, काठी घेऊन पाण्यात उतरते, तळ चाचपते, परत येते, मग गाडी घालते. जीपमध्येही मी हेच करत होते. जीपमध्ये डबी नव्हती, म्हणून तुम्हाला ठिपके दिसले नाहीत.

दुर्गाच्या दिवशी जीप का बंद होती, विचार करा. तुमचा कायदा पाळला म्हणून बंद होती. बंद केलेली गाडी पुन्हा सुरू झाली पाहिजे, एवढीच आमची गरज आहे. ही गाडी सुरू होते. बटण दाबलं की सुरू होते, दर वेळी.

तुमचे कान गेले, म्हणून दगड विसरलात. कडू लिहिते आहे. पण लिहिते.

सुनिल साहेबांचा निरोप आला आहे. महिनाअखेरीस नवी गाडी चंद्रपूरला आणून लाव आणि जीप घेऊन जा. मी निरोप्याबरोबर उत्तर दिलं, की किल्ली माझ्या कमरेला आहे. ज्याला पाहिजे त्याने येऊन न्यावी. मी आणून देणार नाही. नोकरी जाईल म्हणतात. जाऊ दे. नवी चांगली वस्तू आमच्यापर्यंत आली की ती चुकून आली, असं का समजतात? नाले भरायला लागलेत आणि या गावांत या पावसाळ्यात बाळंत व्हायच्या बाया आहेत. गाडी हलणार नाही.

सोमारी

&nbsp;

चंद्रपूर
१८ जून २०२५

माझ्या लेकी,

तुझं पत्र हातात घेऊन मी तशीच, ग्रीसच्या हातांनी, सुनिलच्या ऑफिसात गेले. आत जायच्या आधीच मला उत्तर मिळालं. पोर्चच्या बाजूला नवी पत्र्याची शेड उभी आहे. रंगसुद्धा वाळला आहे. गाडी तुझ्याकडे आहे आणि शेड इथे!

“नकाशात बंद दाखवते, बाई,” आत सुनिल म्हणाला.

“नकाशाले इचार, बंद पडली का बंद केली?”

“तसं त्यात येत नाई.”

“मंग तू काऊन इचारलं नाई सोमारीले?”

त्याने खुर्ची मागे सरकवली. म्हणाला, “बाई, त्या लोकाईले जुन्या गाडीची सवय आहे. नवी त्याईले झेपत नाई. आन् बाहेरून पाहुने येतात, आमाले बी बरी गाडी लागते का नाई? तुमीच तर सही करून देली.”

सही माझी आहे, हे खरं. तिच्यासाठी मी आता कोणाच्या पाया पडणार नाही आणि रडणारही नाही. माझ्या हाताने केली, माझ्या हाताने मोडेन. तू जे कडू लिहिलंस ते मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. मी तुला जे शिकवलं ते तू पाळलंस, आणि ते मीच ओळखलं नाही. याहून मोठी फजिती एका मास्तरणीची होत नसते.

मी सुनिलला म्हटलं, “तुले नवी गाडी पाह्यजे ना? सोमारी देत नाई. चाल माझ्यासंगं. जीप मी तयार केली आहे, मीच चालवते. तिले समोरासमोर किल्ली माग.” चारचौघांत म्हटलं, त्यामुळे त्याला नाही म्हणता येईना. रविवारी पहाटे निघतो. चाचा म्हणतात, या वयात एवढ्या लांब जीप चालवशील तर हाडं गोळा करायला मलाच यावं लागेल. त्यांना म्हटलं, या, धक्का मारायला माणूस लागेलच.

किल्ली कमरेलाच ठेव.

खैरुनबाई

&nbsp;

चंद्रपूर
५ जुलै २०२५

सोमारी,

पोचले. हाडं सगळी जागेवर आहेत, घरी थांबलेल्या चाचांनी मोजून घेतली.

कोसानाल्यावर तू पलीकडच्या काठाला होतीस. दात काढताना दिसत होतीस, पण पाण्याच्या आवाजात आमचं बोलणं तुला ऐकू आलं नसणार. ते तुला कळायलाच पाहिजे म्हणून लिहिते.

मी काठावर जीप बंद केली. कायदा. कान लावला, मला काहीच ऐकू आलं नाही. तेव्हा सुनिलला खाली उतरवलं आणि विचारलं, “काय आयकू येते?”

“पानी.”

“पान्याच्या खाली?”

तो वाकला. बराच वेळ वाकून राहिला. मग सरळ झाला तेव्हा चेहरा पडला होता. “बाई, खाली दगडं वाजून राह्यले.”

“मंग बस.”

आम्ही बसलो. त्याच्या मोबाईलला रेंज नव्हती, त्यामुळे त्याला दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. ऊन कलताना तो आपणहून पुन्हा काठाशी गेला आणि म्हणाला, “आता नाई वाजून राह्यले.” मी जीपची किल्ली फिरवली. तुझ्यासाठी नवा स्टार्टर टाकला होता, शपथ घेऊन सांगते. घर्र झालं आणि बसली. मी इंजिन सगळं नवं केलं आणि वायरिंग जुनंच ठेवलं होतं. ओल धरली असेल.

“उतर,” मी म्हटलं, “धक्का मार.”

“बाई, मले कंबरेचा त्रास आहे.”

“दुर्गाच्या पोटात पोर होतं.”

त्याला काही कळलं नाही. मग मी त्याला दुर्गाची गोष्ट सांगितली, तू लिहिली होतीस तशी, एक शब्द न गाळता. तो मागे गेला आणि त्याने खांदा लावला. दोन गुराखी मदतीला धावले, त्यांना मी हात करून थांबवलं. एवढा वेळ तरी त्याला एकट्याला कळू दे म्हटलं. जीप चार बोटं हलली. त्याचे बूट चिखलात गेले, तो गुडघ्यावर पडला, उठला, पुन्हा लागला. शेवटी मला त्याचीच कीव आली.

पुढचं तुला ठाऊक आहे. काठीने तळ चाचपत तू पाण्यातून आलीस, तशीच परत गेलीस, आणि नवी गाडी घेऊन नाल्यात उतरलीस. बॉनेटपाशी पाणी आलं, पण चाक डगमगलं नाही. मग दोर बांधून माझ्या जीपला ओढत पलीकडे नेलंस. मी जीपमध्ये स्टिअरिंग धरून बसले होते आणि घळाघळा रडत होते. जीपची लाज वाटली म्हणून, तुझा अभिमान वाटला म्हणून, दोन्हींमुळे. सुनिलने किल्ली मागितलीच नाही, हे तू पाहिलंसच. तुझ्या घरचा भात खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी पत्रूभाऊंच्या एसटीने परतला.

सोमवारी मी संस्थेच्या वरच्या मंडळींपुढे उभी राहिले आणि नवं मत दिलं. गाडी भरवशाची आहे. पण महिन्यातून दोनदा तिला आलापल्लीच्या रस्त्यावर पळवायला न्यायची, म्हणजे जाळी मोकळी राहते. इंजिनाला हवा ओढणारी नळी छताच्या उंचीपर्यंत न्यायची. दिवा कशामुळे लागला ते वाचणारं छोटं यंत्र मिळतं, ते सोमारीच्या हातात द्यायचं, चंद्रपूरच्या कपाटात नाही. आणि डबीने बंद दाखवलं तर आधी चालवणारीला विचारायचं. ती बंद पडली म्हणाली तरच बंद पडली.

त्यांच्यातले मोठे साहेब चष्मा काढून म्हणाले, “बाई, मग ही आधीची सही कोणाची?”

म्हटलं, “माझीच. तेव्हा मले कमी आयकू येत होतं.”

गाडी मरकावाड्याला राहणार, तू तिच्यावर राहणार. सुनिलने स्वतः मान डोलावली, हेही लिहिते, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. वायरी वाळवून मी जीप परत आणली होतीच, शेड वाया जाऊ नये म्हणून ती तिच्यात लावली आहे. सकाळी ती सुरू होत नाही. ऑफिसातले सगळे मिळून धक्का मारतात आणि सुनिल त्यांना कुठे हात लावायचा ते दाखवतो.

तुझी
खैरुनबाई

&nbsp;

मरकावाडा
२४ जुलै २०२५

खैरुनबाईंना, चाचांना जोहार. जीपलाही.

यंत्र मिळालं, नळी बसली. नळीमुळे गाडी सोंड वर केलेल्या हत्तीसारखी दिसते, पोरं मागे धावतात. पिवळा दिवा पुन्हा एकदा लागला होता. यंत्राने जाळीच सांगितली, आलापल्लीपर्यंत पळवून आणली, विझला. हे लपवत नाही. इथून पुढे खोड्या आधी लिहीन.

परवा पोचूकडून रात्रीच निरोप आला, पोरीचा ताप उतरत नाही. तीच पोरगी, गेल्या आषाढातली. आता धरून उभी राहते. उजाडताच दुर्गाला आणि पोरीला घेऊन निघालो. कोसानाला चांगलाच भरला होता.

काठावर मी गाडी बंद केली. केली, बाई.

इंजिन थांबलं तशी मागे हालचाल झाली. आरशात पाहिलं. दुर्गाने पोरगी प्रियाच्या मांडीवर दिली होती, पदर कमरेला खोचला होता आणि तिचा हात दारावर होता. तिला कोणीच काही सांगितलं नव्हतं. आमच्याकडे काठावर गाडी बंद झाली की बाया उतरतात, एवढं तिला माहीत होतं.

मी मागे वळून म्हटलं, “बस.”

तिला कळेना. ती तशीच अर्धी उठून माझ्याकडे बघत राहिली. मी खाली उतरले, दगड ऐकले. वाजत नव्हते. काठीने तळ पाहिला, परत आले, बटण दाबलं. गाडी सुरू झाली. दुर्गा तेव्हा कुठे मागे टेकली. मग तिने पोरगी परत मांडीवर घेतली, खोचलेला पदर सोडला, आणि तोच पोरीच्या अंगावर घातला. आत हवा थंड होती.

सोमारी